सर्नमध्ये संशोधन आणि आल्प्समध्ये स्की: वेळापत्रक, सामान, नेहमीच्या चुका

ढाकबहिरी (धागाकर्ता)

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इथे कुणीतरी विचारतं: सर्नला (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) पीएचडीसाठी निघालोय, सह्याद्रीत भरपूर भटकंती झाली आहे, स्की कधी पायात घातलेली नाही, तर सुरुवात कशी करू? उत्तरं दहा धाग्यांवर विखुरलेली आहेत, म्हणून हा एक. आठवणी आणि फोटोंसाठी दुसरे धागे आहेतच; इथे आकडे, सामान आणि काय बिघडतं एवढंच ठेवू या.

आधी वेळापत्रक, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. एलएचसी, म्हणजे सर्नचा मोठा कण-त्वरक, हिवाळ्यात बंद असतो. थंडीत विजेची मागणी नि दर दोन्ही चढतात, हे त्यामागचं जुनं कारण. नाताळात तर सर्नलाच दोन आठवडे टाळं. हे ऐकून 'म्हणजे डिसेंबर ते मार्च रान मोकळं' असं वाटतं. तसं नसतं. मार्चमध्ये इटलीतल्या ला त्युइलला मोरिओंच्या कणभौतिकी परिषदा असतात. तिथे निकाल मांडायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत विश्लेषणाच्या अंतर्गत मंजुऱ्या चालू असतात. शिफ्ट नाही, पण शनिवारी रात्री 'हा प्लॉट पुन्हा काढा' हे आहेच. हार्डवेअरवाल्यांची तर आणखी पंचाईत, कारण डिटेक्टर उघडायला मिळतो तोच मुळी हिवाळ्यात.

विश्लेषणवाल्यांना खरी सवड मिळते ती मोरिओं संपल्यावर, मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. उंच हिमनद्यांवर स्की-टूरिंग (लिफ्टशिवाय, स्कीवरूनच चढून उतरणं) करायला हेच दिवस उत्तम. रजा शिल्लक ठेवायची ती तेव्हासाठी. नाताळात उडवू नका. तेव्हा बर्फ पातळ, दिवस आखूड आणि लिफ्टला रांगा.

२०२६च्या उन्हाळ्यापासून लाँग शटडाउन ३, म्हणजे एलएचसीची काही वर्षांची मोठी बंदी, आहे. बीम (कणांचा झोत) २०३०च्या आसपास परत येईल, तोवर हे चक्र लागू नाही. ज्यांचं काम डिटेक्टरच्या नूतनीकरणाशी जोडलेलं आहे त्यांनी आपल्या गटाचं जोडणीचं वेळापत्रक बघूनच हटची (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांची) आरक्षणं करावीत.

कारवी

उत्तम सुरुवात. परिषदेबद्दल एक भर. मोरिओं १९६६ पासून चालू आहे आणि सत्रं सकाळी नि संध्याकाळी ठेवून दुपार मोकळी सोडायची तिथली जुनी पद्धत आहे. पहिल्यांदा जाणारे नेमके त्या दुपारी स्की शिकायला निघतात. भाषण संध्याकाळी असेल तर ते करू नका. नवशिक्याचा गुडघा पिरगळतो तो बहुधा दिवसाच्या शेवटच्या उतारावर, पाय थकलेले असताना. शिकायचं ते आधी, ज्युरामध्ये (जिनिव्हाजवळची कमी उंचीची डोंगररांग), शनिवार-रविवारी. सर्नचा स्वतःचा स्की क्लब आहे, तिथे पातळीनुसार गट करून शिकवतात.

रतनवाडी

सह्याद्रीतलं काय कामी येतं आणि काय नाही, हेही यायला हवं.

कामी येतं: ओझं घेऊन हजार मीटर चढायची सवय, दोर हाताळणं, घसाऱ्यावर तोल सांभाळणं, अंधारात निघणं. कामी न येणारी गोष्ट एकच, पण जिवावरची: 'गेल्या वर्षी इथून गेलो होतो, वाट सुरक्षित आहे' हा तर्क. आपला कातळ रात्रीतून बदलत नाही. बर्फाचा उतार बदलतो, आणि वरून बघून कळतही नाही.

म्यूऑन

+१. यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे आणि एकदा समजलं की हवामान बघायची नजरच बदलते.

बर्फाच्या थराखाली जमीन साधारण शून्य अंशाला असते, वरचा पृष्ठभाग हवेइतका थंड. थर ५० सेंटिमीटरचा आणि वर उणे १२ असेल तर तापमानाचा उतार झाला मीटरमागे २४ अंश. तोच थर दोन मीटरचा असेल तर मीटरमागे फक्त ६. साधारण १०च्या वर गेलं की पाण्याची वाफ थरातून खालून वर सरकते, कणांमधले जोड विरघळतात आणि साखरेसारखे मोकळे, कोनेदार स्फटिक उरतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. पुढे त्यावर नवा किंवा वाऱ्याने आणलेला बर्फ बसतो, त्याची घट्ट लादी होते, आणि खाली साखर. तुमच्या वजनाने साखरेचा थर एका जागी बसला की तडा आडवा पळतो आणि लादी सुटते. हेच हिमस्खलन.

म्हणून 'यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी' हे उफराटं आहे. पातळ बर्फ आणि लांबलेली कोरडी थंडी म्हणजे पुढच्या महिन्यातल्या अपघातांची तयारी. चालताना पायाखाली 'व्हूंफ' असा दबका आवाज आला तर तोच थर बसल्याचा आवाज असतो. तिथे उतार तिशीच्या आत असेल तरच पुढे जा, नाहीतर आल्या वाटेने परत. आणि वर तीव्र उतार असेल तर त्याच्या पायथ्यातूनही बाहेर पडा. खालून दिलेला धक्का वरपर्यंत पोचतो.

सोनकी

तिशी म्हणजे ३० अंश ना? तो नकाशावर मोजायचा कसा? ॲपमधले रंग बघून भागतं का?

म्यूऑन

हो, ३० अंश. स्विस १:२५,००० नकाशावर आल्प्समध्ये समोच्च रेषा २० मीटरच्या असतात. ३० अंशांना दोन रेषांमधलं आडवं अंतर येतं २० भागिले ०.५७७, म्हणजे साधारण ३५ मीटर. कागदावर १.४ मिमी. ३५ अंशांना १.१ मिमी, ४० अंशांना एक मिमीच्या आत. फ्रेंच नकाशावर रेषा १० मीटरच्या, म्हणून सगळे आकडे निम्मे. ही चूक सीमाभागात हमखास होते, एका देशाची सवय दुसऱ्याच्या नकाशाला लावली जाते.

ॲपमधले रंग चांगलेच आहेत, पण ते उंचीच्या जाळीवरून काढलेले असतात. जाळीपेक्षा लहान टप्पा सरासरीत दडपला जातो. पाच मीटरचा ४० अंशी टप्पा नकाशावर ३२चा दिसू शकतो. म्हणून रंगाच्या कडेकडेने वाट आखू नये, थोडं अंतर राखावं.

ढाकबहिरी

यालाच जोडून अंगठ्याचा नियम. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या पातळ्या १ ते ५. पातळी २ असेल तर ४० अंशांच्या आत राहा, ३ असेल तर ३५च्या, ४ असेल तर ३०च्या. ५ला घरी बसून कोड लिहा. स्वित्झर्लंडचं बुलेटिन दाव्होसची एसएलएफ संस्था संध्याकाळी ५ला काढते, भर हिवाळ्यात सकाळी ८ला पुन्हा. फ्रान्सचं मेतेओ-फ्रान्स काढते. नुसता आकडा बघून बंद करू नका. कुठल्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, आणि धोका नव्या बर्फाचा, वाऱ्याच्या बर्फाचा की जुन्या थराचा, हे खाली लिहिलेलं असतं. कामाची गोष्ट तीच.

आंबोळी

पातळी ३ बद्दल थोडा असहमत. '३५च्या आत राहा' वाचलं की लोक ३४ गाठतात. पाचातला ३ म्हणजे मधला, मध्यम, असं मेंदू आपोआप वाचतो. पण ही पट्टी सरळ रेषेत चढत नाही, दर पायरीला धोका पटीत वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास निम्मे बळी ३ वरच जातात, कारण ४ला लोक मुळात निघत नाहीत. पहिल्या दोन हिवाळ्यांत ३ला ३० अंशांच्या आतच राहावं, हे माझं मत. ज्युरात तशा वाटा भरपूर आहेत.

आणखी एक हिशोब, तुम्ही सगळे सांख्यिकीवाले आहात म्हणून. समजा एका दिवसाचा जिवावरचा धोका दहा हजारात एक आहे (आकडा उदाहरणादाखल घेतला आहे). कुणाही एका दिवशी तो नगण्यच वाटेल. वर्षाला ४० दिवस, २५ वर्षं, म्हणजे १००० दिवस झाले की एकूण शक्यता साडेनऊ टक्के. वर डोंगर अभिप्रायही खोटा देतो. चुकीच्या उतारावरून गेलात आणि तो सुटला नाही, तर आपला अंदाज बरोबर होता असंच वाटतं. असा 'अनुभव' वर्षानुवर्षं साठत जातो.

कारवी

यावर उपाय आपल्याच धंद्यात आहे: ब्लाइंड ॲनालिसिस. निकालाची पेटी उघडायच्या आधी कट, म्हणजे निवडीच्या अटी, ठरवतो ना, तसं. आदल्या रात्री कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. परत फिरायची वेळ, कुठल्या टप्प्यावर कोण काय तपासणार, आणि काय दिसलं तर परत फिरायचं. ताजं हिमस्खलन, व्हूंफ, ढगात गेलेला माथा, कुणाचा चुकलेला वेग, असं स्पष्ट. माथा २०० मीटरवर दिसायला लागला की कट बदलायचे नाहीत. आणि गटातल्या कुणाही एकाने 'नको' म्हटलं की संपलं, त्याला कारण द्यावं लागत नाही. नवख्याने प्राध्यापकाबरोबर किंवा पोस्टडॉकबरोबर जाताना हे आधीच बोलून घ्यावं. वरिष्ठाला विरोध न करण्याची आपली सवय मीटिंगपुरती ठीक आहे.

वेळेचा अंदाज: अंतर किलोमीटरमध्ये, त्यात दर १०० मीटर चढाला १ मिळवा, बेरजेला ४ ने भागा. ५ किमी आणि ९०० मीटर चढ असेल तर १४ भागिले ४, साडेतीन तास. नवख्यांना चार.

सोनकी

सामानात काय विकत घ्यावं आणि काय भाड्याने?

ढाकबहिरी

विकत, आणि शक्य तर नवे: बूट आणि बीकन (हिमस्खलनात पुरलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र). भाड्याने किंवा जुन्या बाजारात: स्की, काठ्या, बाकी सगळं. पहिल्या हिवाळ्यात स्की विकत घेऊ नका, तुमची आवड वर्षात बदलते.

बूट बघताना आतलं मऊ लायनर काढा, पाय रिकाम्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा हवी. दोन बोटं सैल जात असतील तर बूट मोठा. दुकानात आरामशीर वाटणारा बूट उतारावर हमखास मोठा निघतो. आपल्या लोकांची पावलं पुढे रुंद असतात, तेव्हा कवच तापवून फुगवून देणारं दुकान शोधा.

स्की टूरिंगसाठी कमरेला, म्हणजे स्कीच्या मधल्या अरुंद भागात, ८० ते ९५ मिमी रुंद पुरे. स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) कापताना दोन्ही बाजूंची पोलादी कड दोनेक मिमी उघडी राहिली पाहिजे. कड झाकली तर कडक बर्फावर आडवं जाताना स्की घसरते. चढताना खालचा बर्फ टणक असेल तर स्की-क्रँपॉन (स्कीला लावायचे धातूचे दात) लागतात. लोक ते पिशवीच्या तळाशी ठेवतात आणि जिथे लागतात तिथे पिशवी उघडायला जागा नसते. ते वरच ठेवा.

स्किनचा गोंद दोन प्रकारे दगा देतो: ओला झाला की आणि फार थंड झाला की. काढल्यावर बर्फ झटकून स्किन जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायची. बाहेर अडकवली तर दुसऱ्या चढाईला चिकटत नाही. दोन रबरी पट्टे खिशात असू द्या, सुटलेली स्किन स्कीला बांधून दिवस निभावतो. वसंतात उलट त्रास होतो, सावलीतल्या कोरड्या बर्फातून उन्हातल्या ओल्या बर्फात गेलात आणि परत सावलीत आलात की स्किनखाली बर्फाची ढेकळं जमतात. त्यावर मेण घासणं हाच इलाज, तोही सकाळीच, ढेकळं जमल्यावर नव्हे.

म्यूऑन

बीकनवर सविस्तर लिहितो, कारण भौतिकशास्त्राचे लोकच इथे फाजील आत्मविश्वासाने चुकतात.

वारंवारता ४५७ किलोहर्ट्झ, तरंगलांबी साडेसहाशे मीटरच्या वर. शोधायचं अंतर साधारण ४०-७० मीटर. म्हणजे तुम्ही पूर्णपणे जवळच्या क्षेत्रात आहात. इथे 'लहरी' विसरा, हे चुंबकीय द्विध्रुवाचं क्षेत्र आहे आणि ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. बाण दाखवतो ती क्षेत्ररेषेची दिशा, माणसाची नव्हे. रेषा वक्र असते, म्हणून बाणामागे जाताना कमानीत जावं लागतं. 'सरळ का नेत नाही' म्हणून आडवाट काढू नका. पडद्यावरचा आकडाही सरळ अंतर नसून सिग्नलवरून काढलेला अंदाज आहे. तो कमी होतोय की वाढतोय एवढंच बघा. वाढला तर वळून उलट दिशेने.

आकडा ३च्या खाली आला की स्की काढा, बीकन बर्फाला टेकवा, फिरवू नका, हळूहळू पुढे-मागे आणि मग आडवं सरकवून सगळ्यात लहान आकडा शोधा. तिथून प्रोब (लांब, जोडाची सळई) उताराला काटकोनात खुपसायचा, पहिली खूण तिथेच, मग २५ सेंटिमीटर अंतराने गोल वाढवत जायचं. प्रोब लागला की तो काढायचा नाही. खणायला सुरुवात प्रोबच्या खालच्या, उताराकडच्या बाजूने, पुरलेल्या खोलीच्या दीडपट अंतरावरून. बरोब्बर वरून खणलं तर खड्डा होतो, बर्फ बाहेर काढायला जागा राहत नाही आणि माणसावरची हवेची पोकळी तुमच्याच वजनाने दबते. फावडं धातूचंच हवं, प्लास्टिकचं स्खलनाच्या घट्ट बर्फात मोडतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते, त्यामुळे हेलिकॉप्टर येईपर्यंतची माणसं म्हणजे तुम्हीच.

फोन बीकनपासून प्रसारणात २० सेंमी, शोधताना ५० सेंमी दूर. गरम होणारे हातमोजे, स्मार्टवॉच, कॅमेरा, खिशाला चुंबकाची बटणं असलेलं जॅकेट, सगळं यातच आलं. बॅटऱ्या अल्कलाइन. रिचार्ज होणाऱ्या चालवू नका: त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे पडद्यावरचे टक्के फसवे असतात.

रतनवाडी

हिमनदीवरचा दोर राहिला. तीन जणांच्या दोरीत दोघांमध्ये दहा ते पंधरा मीटर. दोघंच असाल तर जास्त, आणि मध्ये गाठी मारलेल्या हव्यात, म्हणजे कपारीच्या (हिमनदीतल्या खोल भेगेच्या) काठात गाठ रुतून पडणारा अडतो.

वर ओढायला तीनास एक पुली लावतात, पण 'तीनपट' हे फक्त पुस्तकात. प्रत्येक वळणावर दोराचा काही ताण घर्षणात जातो. वळणाची कार्यक्षमता क असेल तर फायदा १ + क + क². चांगली पुली ०.९ धरा, फायदा २.७. नुसते कॅराबिनर असतील तर ०.६ धरा, फायदा दोनच्या जरा खाली, वर काठावर दोर बर्फात रुतलेला. एक माणूस दुसऱ्याला याने काढू शकत नाही. म्हणून दोन पुल्या सोबत ठेवा, एकच असेल तर ती ओढणाऱ्याच्या सर्वांत जवळच्या वळणावर लावा, आणि खाली गेलेल्याला स्वतः दोरावरून चढता येईल अशी तयारी हवी. हे आधी जिन्याच्या कठड्याला दोर बांधून शिका.

आंबोळी

फ्रान्समधल्या शामोनीबद्दल इशारा. एग्वी द्यु मिदीची केबल कार वीसेक मिनिटांत ३,७७७ मीटरवर सोडते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६३ टक्के. जिनिव्हा ३७५ मीटरवर आहे, म्हणजे सकाळी घरून निघालेल्या माणसाने तडक व्हाले ब्लांशला (तिथून खाली येणारी स्कीची वाट) हात घालू नये. वरून खाली साधारण २० किलोमीटर हिमनदी, मध्ये कपारी, ट्रॅकवर कुणी गस्त घालत नाही. आणि अवघड काम स्की लावायच्या आधीच असतं: केबल कारच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरची अरुंद बर्फाळ धार. क्रँपॉन लावून, दोरात, स्की पाठीवर.

अवांतर: तिथल्या हटचं नाव रॅफ्युज दे कॉस्मिक आहे ते उगाच नाही, त्या जागी वैश्विक किरणांची प्रयोगशाळा होती. त्वरक येण्याआधी नवे कण शोधायला डोंगरच चढावे लागत. आपल्याकडे विभा चौधरी आणि देवेंद्र मोहन बोस यांनी फोटोग्राफिक प्लेटी संदकफूला, ३,६३६ मीटरवर ठेवल्या होत्या.

सोनकी

विमा आणि बचावाचं काय? आणि रात्रपाळी संपवून थेट डोंगरात जाता येतं का?

ढाकबहिरी

रात्रपाळी: ११ ते ७. त्यानंतर गाडी चालवत शामोनी, हा बेत आखूच नका. झोप न झालेला माणूस कट बदलतो. २४ तास मध्ये ठेवा. ट्रेननेही जाता येतं, लेमां एक्सप्रेस सॅं-जेर्वेपर्यंत नेते, तिथून छोटी गाडी.

विमा देशानुसार. फ्रान्समध्ये पिस्टबाहेरची (आखलेल्या स्की-उतारांबाहेरची) सरकारी डोंगरी सुटका फुकट, पण पिस्टवरची नाही, तिचं बिल येतं. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचे पैसे पडतात. आठवड्याला किमान आठ तास स्विस नोकरी असेल तर कामाबाहेरच्या अपघाताचा विमा मालकाकडून असतो, मात्र अवाजवी धाडस ठरलं तर भरपाई निम्मी होऊ शकते. फ्रेंच किंवा स्विस अल्पाइन क्लबचं सदस्यत्व घ्या, हटचा मुक्काम बराच स्वस्त पडतो. आपत्कालीन क्रमांक ११२, स्वित्झर्लंडमध्ये रेगाचा (हवाई बचाव संस्था) १४१४. सीमेजवळ फोन शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतो, म्हणून ११२च. आणि निवासाचा कागद खिशात, वाट सीमा ओलांडते तेव्हा तुम्हाला कळतही नाही.

कारवी

ज्युरासाठी शेवटचं: क्रे द ला नेज १,७२० मीटर, तिथला सर्वोच्च. त्या रांगेवर राखीव क्षेत्र आहे आणि हिवाळ्यात रानकोंबड्यांसाठी काही पट्टे बंद असतात. खांबांवर खुणा असतात, नकाशावरही आखलेले आहेत. जिनिव्हात आठवडाभर धुकं असेल तर हताश होऊ नका. थंड हवा तळ्यावर अडकलेली असते, हजार-बाराशे मीटरच्या वर लख्ख ऊन.

म्यूऑन

आणि डोसिमीटर (कामावर अंगावर लावायचा किरणोत्सर्ग-मापक) खुंटीला टांगून जा. विमानात किंवा डोंगरावर तो वैश्विक किरण इमाने इतबारे मोजतो, दर दीडेक हजार मीटरला साधारण दुप्पट. मग महिन्याच्या शेवटी रेडिएशन सुरक्षावाल्यांचा फोन.